तिसऱ्या भागापासून बेपत्ता

“माझ्यासारखा शोधक शतकातून एकदाच जन्माला येतो,” अण्णा म्हणाले. “तोही शतक अगदीच अडलं असेल तर. लिहिलंस?”

“लिहिलं,” वेलांटी म्हणाला.

“पुढे. त्याची नजर घारीची, कान सशाचे, नाक शिकारी कुत्र्याचं, चाल मांजराची...”

“अण्णा, यात माणसाचं काही आहे का? नाही, परिचय तुमचा आहे म्हणून विचारलं.”

“मेंदू,” अण्णा गंभीरपणे म्हणाले.

वेलांटीनं ‘मेंदू’ लिहिलं, सवयीनं त्यावरचा अनुस्वार तपासला आणि पुढे आपोआप उमटलेलं प्रश्नचिन्ह गुपचूप खोडलं.

अण्णांचं चष्म्यांचं दुकान होतं. दर्शनी काचेवर एका बाजूला ‘नजर तपासून मिळेल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘रहस्ये उकलून मिळतील’ असं रंगवलेलं. पहिल्या बाजूवर घर चालायचं आणि दुसऱ्या बाजूवरून घरात भांडणं चालायची. भिंग, दुर्बीण आणि काळे चष्मे दुकानातच असल्यामुळे हेरगिरीला वेगळं सामान घ्यावं लागलं नाही, याचा त्यांना फार अभिमान. आजवर त्यांनी बरीच प्रकरणं हाती घेतली होती. त्यातली बहुतेक त्यांनी हात काढून घेतल्यावर सुटली.

वेलांटी हा त्यांचा साडू. साडू हे नातं मोठं चमत्कारिक. भाऊ असता तर भांडता आलं असतं, मित्र असता तर टाळता आलं असतं. साडूचं तसं नाही. दोन सख्ख्या बहिणींनी दोन अनोळखी माणसांना एका दाव्याला बांधलेलं असतं, आणि त्यातला जो गरीब असेल त्यानं मान खाली घालून चालायचं असतं. वेलांटी गरीब होता. तो एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक होता. छपाईला जाण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या, विशेषतः पहिली वेलांटी की दुसरी यावर डोकं फोडायचं, म्हणून ऑफिसात त्याला हे नाव पडलेलं. अण्णा त्याची ओळख करून देताना म्हणत, “हा मुद्रितशोधक. मी अमुद्रितशोधक. जे छापलेलं नसतं ते मी वाचतो.”

तर त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, परिचयाचा तिसरा परिच्छेद चालू होता, आणि दार ढकलून दोघांच्या सामाईक सासूबाई आत आल्या. त्यांच्या हातात एक जडशी पिशवी होती. ती त्यांनी काउंटरवर अशी आदळली की मांडणीतल्या चार चष्म्यांनी मान टाकली.

सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण मेट्रनपणातून नाही. त्या आल्या की दोन्ही जावई नकळत अंगठे पँटच्या शिवणीला लावून उभे राहत.

“थोरले जावईबापू,” त्या म्हणाल्या, “एक मुलगी हरवली आहे.”

अण्णांच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला. मग तो बरा दिसत नाही हे लक्षात येऊन त्यांनी तो आवरला. “वय?”

“आठ. म्हणजे तेव्हा आठ. आता किती झालं असेल, देव जाणे.”

“वर्णन?”

“केस रुपेरी. डोळे जांभळे.”

“जांभळे? कधीपासून? काही औषध घालतात का डोळ्यांत?”

“जन्मापासून. अंगात पांढरा झगा.”

“शेवटची कुठे दिसली?”

“काळ्या मनोऱ्यात. सातव्या मजल्यावर.”

“पत्ता द्या. कुठल्या रस्त्याला लागतो?”

“रस्ता नाही जात तिथं. ड्रॅगनवर बसून जावं लागतं.”

अण्णांची पेन्सिल थांबली. इकडे वेलांटीनं मान खाली घातली, कारण तो मनोरा त्याला माहीत होता. त्यातला ‘ऱ्या’ नीट उमटत नाही म्हणून त्यानं तो किती वेळा दुरुस्त केला होता, त्याला गणती नव्हती. तो हळूच चष्म्यांच्या फिरत्या मांडणीमागे सरकला.

सासूबाईंनी पिशवी उपडी केली. काउंटरवर पातळ पातळ, रंगीत वेष्टणाच्या तीसेक पुस्तकांचा ढीग पडला. दर महिन्याला एक भाग निघणारी ती कादंबरी होती, आणि तिचं नाव होतं ‘मी मेलो, दुसऱ्या जगात जन्मलो आणि तिथंही मला कुणी स्वस्थ बसू देईना’. नाव वेष्टणावर मावत नव्हतं. ते पाठीवरून वळून मागच्या बाजूला संपत होतं.

“आई, ही गोष्ट आहे,” अण्णा म्हणाले.

“मला कळतं ते. मला मोतीबिंदू झालाय, वेड नाही लागलेलं.”

अण्णा खजील झाले. सासूबाईंना मोतीबिंदू झाल्याचं घरात सगळ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कळलं होतं. त्याआधी दोन वर्षं घारीची नजर असलेला थोरला जावई त्यांच्या चष्म्याचा नंबर बदलत बसला होता.

“पहिल्या भागात हा मुलगा कपाटाखाली सापडून मरतो,” सासूबाई सांगू लागल्या, “आणि दुसऱ्या जगात जन्म घेतो. तिथं त्याला एक धाकटी बहीण असते. सगळे तिला छोटी म्हणतात. गोड पोर. दुसऱ्या भागात मनोऱ्याचा स्वामी तिला पळवतो. हा शपथ घेतो, की छोटीला घरी आणल्याशिवाय मी अंथरुणाला पाठ टेकणार नाही. मी रडले होते ते वाचून. तिसऱ्या भागात म्हणतो, आधी ताकद वाढवतो, मग जातो. म्हटलं ठीक आहे, रिकाम्या हातानं जाऊ नये. चौथ्यात जादूच्या शाळेत नाव घातलं. पाचव्यात शाळेची स्पर्धा. सहाव्यात त्याच स्पर्धेची उपांत्य फेरी. मग समुद्रकिनारी सहल. मग खाणावळ काढली! अहो, बहीण तिकडे कोंडलेली आणि हा इकडे सूप ढवळतोय. सगळे चाखतात आणि म्हणतात, असं सूप ह्या जगात कधी झालं नव्हतं. म्हणजे त्या जगात तोपर्यंत कुणी मीठच घातलं नव्हतं की काय?”

“आणि अंथरुणाला पाठ?” अण्णांनी विचारलं.

“पंधराव्या भागात गरम पाण्याच्या झऱ्यावर आठ पानं झोपलाय. शिवाय ह्या मुली. दर भागात एक नवीन. एकीचे केस निळे, एकीचे हिरवे, एकीला मांजराचे कान. सगळ्या त्याच्यावर भाळतात. का, ते विचारायचं नाही. मुलगा दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. पण ते असो. तिसऱ्या भागापासून छोटीचं नाव नाही. कुणी म्हणत नाही, अरे, ती पोर जेवली असेल का.” सासूबाईंचा आवाज किंचित हलला, आणि मग पुन्हा मेट्रनचा झाला. “पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याच्या आत मला कळलं पाहिजे, ती आहे की गेली. गेली असेल तर तसं सांगा. मी पुष्कळ पाहिलंय. पण एखाद्याला दाखल करून घ्यायचं आणि मग त्याच्या खाटेकडे कुणी फिरकायचंच नाही, हे मी माझ्या वॉर्डात कधी खपवून घेतलं नाही.”

जाताना त्या दारात थांबल्या. “धाकटे जावईबापू, त्या मांडणीमागे पाय दिसतायत तुमचे. हे पुस्तक तुमच्याच ऑफिसातून निघतं ना? तुम्ही तर सगळे भाग वाचले असतील.”

“वाचलेत, आई.”

“मग?”

“मी अक्षरं वाचतो,” वेलांटी म्हणाला. “गोष्टीकडे लक्ष गेलं की चुका निसटतात.”

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उरलेल्या दुपारी स्वतःलाही नीट दिसेना.

दुसऱ्या दिवशी अण्णा वेलांटीच्या ऑफिसात तपासाला आले. काळा चष्मा लावून आल्यामुळे ते आधी जिन्यावर आणि मग कागदाच्या गठ्ठ्यावर आपटले. “खून झालाय,” ते वेलांटीच्या कानात म्हणाले. “दुसरा आणि तिसरा भाग यांच्यामध्ये. गुन्हेगार ह्याच इमारतीत आहे. मला चित्रकाराचा संशय येतो.”

“का?”

“रुपेरी रंग. तो काढायला त्रास होत असणार. त्रास हा सगळ्या गुन्ह्यांचा उगम आहे.”

चित्रकार खिडकीपाशी बसून एका मुलीच्या डोक्याकडे निराशेनं बघत होता. “रुपेरी?” तो म्हणाला. “रुपेरी असता तर उपकार झाले असते हो. मला दर महिन्याला सांगतात, नवीन मुलगी, नवीन केस. निळे झाले, हिरवे झाले, केशरी झाले, अर्धे लाल अर्धे काळे झाले. माझ्याकडचे रंग संपले. ही जी नवीन येतेय ना, तिला मी टक्कल काढतोय. लेखकाला म्हटलं, शाप लागलाय म्हणा.”

“आणि लेखक काय म्हणाला?”

“म्हणाला, वा! मग टकलाच्या शापावर आणखी एक भाग होईल.”

अण्णांनी चित्रकाराला निर्दोष सोडलं, आणि ते संपादकाच्या खोलीत शिरले. आता त्यांचा सिद्धान्त असा होता की लेखक छोटीबद्दल भरभरून लिहितो, पण संपादक ते कापतो. संपादकाचं लहानपणी बहिणीशी भांडण झालेलं असणार. संपादक भला माणूस होता. त्यानं आधी दार लावून घेतलं.

“कापायला आधी वाचावं लागतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी पहिला भाग वाचला होता. छान होता. पुढे एवढंच बघतो की वेष्टणावर मुलगी आहे आणि शेवटच्या पानावर स्फोट आहे. मधलं ह्यांच्याकडे असतं.” त्यानं वेलांटीकडे बोट दाखवलं.

वेलांटीला तोंडात मारल्यासारखं झालं. लेखक लिहून विसरत होता की काय कोण जाणे, संपादक वाचत नव्हता, तो स्वतः नुसती अक्षरं चाळत होता. म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेत ही गोष्ट गोष्ट म्हणून वाचणारं कुणीच नव्हतं. वाचत होती फक्त एक मोतीबिंदू झालेली बाई. हे त्याला कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण समोर अण्णा होते.

“इथं तर पाणी खोल आहे,” अण्णा म्हणाले, आणि दुकानात जाऊन सगळे भाग उघडून बसले.

तीन दिवस त्यांनी चष्म्याच्या एकाही गिऱ्हाइकाला दाद दिली नाही. चौथ्या दिवशी त्यांनी वेलांटीला बोलावलं. त्यांचे डोळे तांबारलेले होते.

“खरा लेखक पळवला गेलाय,” ते म्हणाले. “त्याच्या नावावर निदान तिघं जण लिहितायत. पुरावा घे. चौथ्या भागात नायक डावखुरा, नवव्यात उजवा. सहाव्या भागात त्याचा घोडा मरतो. ह्याच्या डोळ्यांतून पाणी, बाजूला ती निळी रडते. अकराव्या भागात तोच घोडा गवत खातोय!”

“चूक झाली असेल.”

“एवढा मोठा घोडा चुकून जिवंत होत नाही, वेलांटी. पण खरी गंमत पुढे आहे. हे बघ.” त्यांनी एक पान भिंगाखाली धरलं. पानभर एक तक्ता होता. बळ, चपळाई, जादू, नशीब, सहनशक्ती, सूपकौशल्य, आणि प्रत्येकापुढे लांबच लांब आकडा. “असे तक्ते दर भागात आहेत. विसाव्या भागात तर सलग सहा पानं. शहाणा माणूस गोष्ट थांबवून सहा पानं आकडे लिहील का? नाही. ही सांकेतिक लिपी आहे. पळवलेला लेखक आपल्याला हाक मारतोय. प्रत्येक आकड्याला एक अक्षर देऊन मी ती उलगडलीय.”

“काय निघालं?”

अण्णांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, ‘टफटफ बटाळ मगू मगू’.

वेलांटीनं कागदावरून सवयीनं पेन्सिल फिरवली. “मगूतला ‘गू’ दीर्घ आहे,” तो शेवटी म्हणाला. दुसरं बोलण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

“म्हणजेच तो घाईत नव्हता,” अण्णा म्हणाले. “वेळ दवडून चालणार नाही. आज आपण त्याच्या घरावर छापा घालतोय. वेषांतर करून.”

लेखकाचा पत्ता वेलांटीकडे होताच. मजकूर आणायला ऑफिसातला शिपाई दर महिन्याला तिथं जायचा आणि लेखक त्याला स्वतः दार उघडायचा. हे वेलांटीनं दोनदा सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. एका धुलाईच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर ते घर होतं. अण्णांनी फार विचार करून वेषांतर निवडलं. हातात फ्रेमांची पेटी, खिशाला पेन, गळ्यात मोजपट्टी.

“मी कोण वाटतो?” त्यांनी विचारलं.

“चष्मेवाले.”

“अचूक! कुणाला संशय येणार नाही.”

पहिल्या मजल्यावर अण्णा भिंतीला कान लावून थांबले. दुसऱ्यावर त्यांनी धूळ चाटून पाहिली. तिसऱ्या मजल्यावर पोहोचतात तो दारात सासूबाई उभ्या, पर्स काखेत, बोट घंटीवर.

“आई! तुम्ही?”

“परवा ऑपरेशन आहे माझं. तुमचा घोडा जिवंत होईपर्यंत कुठे थांबू? धाकट्यांच्या ऑफिसात फोन केला, पत्ता विचारला, आले.” आणि त्यांनी घंटी दाबली.

दार एका ठेंगण्या, हसऱ्या बाईनं उघडलं. ती लेखकाची आत्या. “या, या! त्याला भेटायला? खरंच त्यालाच?” एवढं विचारून तिनं तिघांना आत घेतलं, कारण असं कधी झालं नव्हतं.

आतल्या खोलीत लेखक टेबलाशी बसला होता. तिशीचा असेल, पण दाढीनं पन्नाशी गाठली होती. पुढ्यात कोरा कागद, भोवती चहाचे कप, आणि पायांत एक चप्पल, एक बूट. त्याला कुणी पळवलं नव्हतं, हे उघड होतं. पळवणाऱ्यानं निदान जोडी लावून नेलं असतं.

अण्णा एका ढांगेत त्याच्यापुढे उभे ठाकले. पेटी उघडली गेली आणि फ्रेमा खळकन जमिनीवर पडल्या. “खेळ संपला!” ते गरजले. “छोटीचं काय केलंत?”

“कोण छोटी?” लेखक म्हणाला.

“काय अभिनय आहे! वेलांटी, लिहून घे. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. सराईत!”

लेखक खरोखरच गोंधळला होता. तो अण्णांकडे, मग जमिनीवरच्या फ्रेमांकडे, मग आत्याकडे बघत राहिला. तेव्हा सासूबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ताप आलेल्या पोराकडे बघतात तसं.

“बाळ,” त्या म्हणाल्या, “तुझा नायक घरातून कशासाठी निघाला होता रे?”

लेखकानं तोंड उघडलं. मिटलं. छताकडे पाहिलं. “स्पर्धेसाठी?” त्यानं चाचरत विचारलं. “नाही. स्पर्धा नंतर. त्याच्या आधी ती शाळा... शाळेत तो गेला, कारण...” आणि मग त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. “बहीण,” तो म्हणाला. “अरे देवा. बहीण होती.”

“विसरलास?”

“विसरलो.”

 खालून धुलाईच्या यंत्राची घरघर तेवढी येत होती.

“असं कसं विसरलो म्हणता?” अण्णा कळवळून म्हणाले. “कट नाही? कुणी धमकी दिली नाही?”

“हा गॅसवर दूध ठेवून विसरतो,” आत्या म्हणाली. “गेल्या वर्षी मला स्टेशनवर घ्यायला आला आणि दुसऱ्याच कुणाची आत्या घेऊन घरी आला. बिचारी जेवून गेली.”

“पण ते तक्ते? सहा पानं आकडे?”

“विसावा भाग ना? तेव्हा माझं डोकं दुखत होतं,” लेखक म्हणाला. “काही सुचत नव्हतं आणि पानं भरायची होती.”

“आणि घोडा?”

“कुठला घोडा?”

अण्णा भिंतीला टेकले. त्यांनी खिशातून तो कागद काढला, ‘टफटफ बटाळ’वर शेवटची नजर टाकली आणि घडी करून आणखी आतल्या खिशात ठेवला. वेलांटीला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

लेखक आता आपणहून बोलू लागला होता. कितीतरी दिवसांत त्याच्याशी त्याच्या गोष्टीबद्दल कुणी बोललंच नसावं. “दर महिन्याला तारीख उभी राहते,” तो म्हणाला. “बसतो. पुढे काय, ते माहीत नसतं. मग दार वाजवतो. म्हणजे गोष्टीतलं. दार वाजलं की कुणीतरी आत येतं. ती कोण, कुठली, केस कसले, हे सांगण्यात अर्धा भाग जातो. दाराशी गर्दी झाली की त्यांची मारामारी लावतो. नायक अडला, तर त्याच्यात एक शक्ती होती आणि त्यानं ती कुणाला सांगितली नव्हती, असं लिहितो. आता त्याच्यात इतक्या शक्ती झाल्यात की त्याला भीतीच वाटत नाही कशाची. आणि ज्याला भीती वाटत नाही त्याचं पुढे करायचं काय?” त्यानं कोऱ्या कागदाकडे बोट दाखवलं. “ह्या महिन्यात सगळं जगच फुटतं असं लिहून मोकळा होणार होतो. सगळे खलास. मग मी झोपेन.”

“आणि ती पोर?” सासूबाई म्हणाल्या.

“आता फार उशीर झाला हो. कोणत्या तोंडानं पाठवू त्याला तिथं? वाचणारे विचारतील, एवढे दिवस होतास कुठे.”

“वाचणाऱ्यांचं सोड. ती विचारेल.”

लेखकानं मान वर केली.

“तू आपला त्याच्याच मागे हिंडतोयस,” सासूबाई म्हणाल्या. “तो जेवला, तो जिंकला, तो पाण्यात डुंबला. त्याला काय व्हायचंय? त्याच्याकडे सगळं आहे. ती सातव्या मजल्यावर एकटी आहे, तिच्याकडे काही नाही. सुरुवातीला खिडकीशी बसली असेल. मग किती दिवसांनी खिडकीशी बसायचं सोडलं असेल? ते सांग की मला. मी वॉर्डात बघितलंय. भेटायच्या वेळेला माणसं दाराकडे तोंड करून पडतात. आणि मग एक दिवस कूस बदलतात.”

लेखकाचा हात नकळत पेनाकडे गेला होता. “ती रागावली असेल?”

“मी असते तर आतून कडी घातली असती.”

“आतून,” लेखक पुटपुटला. “म्हणजे तो पोहोचतो... मनोऱ्याचा स्वामी तर केव्हाच म्हातारा होऊन मेलाय... तिला कुणी कोंडलेलं नाहीये... आणि कडी आतून आहे.” तो ताडकन उठला, आत्याला म्हणाला, “चहा ठेव,” परत बसला आणि लिहू लागला. समोर माणसं आहेत हे तो विसरला. विसरण्यात तो तयारीचाच होता.

“कडीवर बोटांचे ठसे असतील,” अण्णा एकदा पुढे होऊन म्हणाले. “एखादा तल्लख शोधक जर तिथं...”

“थोरले जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “फ्रेमा गोळा करा.”

लेखकाचा मजकूर त्या वेळी तारखेच्या आधीच आला. ऑफिसात लोक तो हातात घेऊन बघत होते, जसं काही कागदच आपणहून जिना चढून आलेत. जुळणी होऊन मुद्रितं वेलांटीच्या टेबलावर आली. त्यानं पेन्सिलीला टोक केलं, पट्टी ओळीखाली धरली आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. दुसऱ्या पानावर पट्टी बाजूला राहिली. चौथ्या पानावर पेन्सिल टेबलावरून घरंगळून खाली गेली आणि ती त्यानं उचलली नाही. चित्रकार काही विचारायला आला तर वेलांटीनं न बघता हात हलवून त्याला घालवून दिलं.

तो भाग इतक्या चुकांसकट छापला गेला की संस्थेच्या इतिहासात तसं झालं नव्हतं. एका पानावर ‘मनोरा’ चक्क ‘मोनरा’ झाला होता. संपादकानं त्याला खोलीत बोलावलं. वेलांटी मान खाली घालून उभा राहिला. संपादकानं पुस्तक उघडून पानं मागेपुढे उलटली.

“मलाही नाही दिसल्या,” तो शेवटी म्हणाला. “जा.”

रक्तातली साखर उतरेपर्यंत डॉक्टरांनी तीन आठवडे पुढे ढकललेलं ऑपरेशन शेवटी सुरळीत झालं. सासूबाईंच्या डोळ्यावर पट्टी होती आणि काही दिवस वाचायची मनाई. भेटायच्या वेळेला दोन्ही जावई नवा भाग घेऊन हजर झाले. अण्णांनी नर्सला सांगून टाकलं होतं की एका बेपत्ता मुलीचं अत्यंत गुंतागुंतीचं प्रकरण नुकतंच आपल्या हातून सुटलं, आणि नर्सनं त्यांना रुग्ण समजून खाट कुठली ते विचारलं होतं.

“वाचा,” सासूबाई म्हणाल्या. “आणि धाकटे, अक्षरं नका वाचू.”

वेलांटी वाचू लागला. अण्णांनी नायकाची वाक्यं स्वतःकडे घेतली. छोटी पहिल्या हिवाळ्यात खिडकीशी बसून होती. दुसऱ्या हिवाळ्यात तिनं खिडकीला पडदा शिवला. स्वामी म्हातारा झाला, त्याला ऐकू येईना, मग ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवू लागली, आणि एका सकाळी वाचून संपल्यावर तो उठलाच नाही. किल्ल्या तिच्या हातात आल्या. ती खाली उतरली, फाटकापर्यंत गेली, दूरवर बघून आली आणि परत वर चढली. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी खोकला दाबून धरला. पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी रेडिओ बंद केला.

मग नायक आला. बरोबरच्या सगळ्या मुलींना त्यानं डोंगराखालीच थांबवलं होतं. दार साधं लाकडी होतं. जादू नाही, मंत्र नाही, आतून नुसती कडी. फुंकर मारली असती तरी ते दार उडालं असतं. त्यानं हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. आणि ज्यानं अख्ख्या फौजा लोळवल्या होत्या त्यानं दारावर बोटानं टकटक केली.

“‘कोण आहे?’” वेलांटीनं वाचलं.

“‘मी,’” अण्णा म्हणाले. त्यांचा तो नेहमीचा नगारा कुठे गेला कोण जाणे. “‘दादा.’”

“‘कोणता दादा?’”

अण्णांनी पुढची ओळ शोधली. ती नव्हती. “‘तो पायरीवर बसला,’” वेलांटीनं शेवटचं वाक्य वाचलं. “‘त्याला सगळं येत होतं. ह्याचं उत्तर येत नव्हतं.’”

त्यानं पुस्तक मिटलं. 

“एवढंच?” आजीबाईंनी विचारलं.

“एवढंच आहे,” वेलांटी म्हणाला.

“तिनं उघडायला हवं,” अण्णा नाक पुसत म्हणाले. “कितीही झालं तरी भाऊ आहे. एवढ्या लांबून आलाय.”

 सासूबाईंचा पट्टीखालचा डोळा मिटलेला, उघडा डोळा छताकडे. त्यांचा हात पांघरुणावर हळूहळू थोपटत होता, कुणाच्या तरी पाठीवर असावा तसा.

“घाई करू नकोस गं, पोरी,” त्या म्हणाल्या. “बसू दे त्याला.”